हिराबाईंची वाट आणि सरांचा कान

ॲड. यशवंतराव कुरुंदवाडकर यांची आणि माझी पहिली भेट बुधवार पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात झाली. मी ज्युनिअर म्हणून काम मागायला गेलो होतो. सरांनी अर्ज हातातही घेतला नाही. "मोठ्याने वाचा," म्हणाले. मी वाचला. "अहो वकील, तिसऱ्या वाक्यात खोटं बोललात." बोललो होतो खरा; न केलेल्या कामाचा अनुभव मी ठोकून दिला होता. कसे कळले विचारले, तर म्हणाले, "तिथे वाक्य लंगडलं. उद्यापासून या."

सरांच्या ऑफिसची ही रीतच आहे. मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय कोणताही दावा कोर्टात जात नाही. कानाला जे खटकते, त्यात कुठेतरी अन्याय दडलेला असतो असे सर मानतात. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीने मला 'कायदा, न्याय आणि सौंदर्य' यांवरचे त्यांचे विचार मांडायला सांगितले आहे. ते विचार मी बावीस वर्षे ऐकतो आहे. ते एकमेकांशी जुळत नाहीत, ही माझी अडचण आहे.

धायरीच्या हिराबाईंचा दावा मी लिहिला होता. त्यांच्या घराकडे जाणारी वाट शेजारी इमारत बांधणाऱ्याने पत्रे ठोकून बंद केली होती. "दोन पावसाळे वाट चिखलात गेली, तवा आमी पल्याडच्या रानातनं जायचो," असे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. पुढे त्या रानातही इमारत उभी राहिली. पण 'पिढ्यान्‌पिढ्यांची अखंड वहिवाट' असा माझा परिच्छेद मोठा झोकात जमला होता. चिखलाचे वाक्य मध्येच येऊन लय मोडत होते, म्हणून मी ते काढले. सरांनी ऐकून मान डोलावली. त्यांच्या कानाला काहीच खटकले नाही.

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी नेमके तेच विचारले: मध्ये कधी ही वाट सुटली होती का? हिराबाईंनी चिखलाचे खरे ते सांगून टाकले. "म्हणजे दावा खोटा!" वकील कडाडले. हिराबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्या तर ह्यांना सांगितलं हुतं की." धरणीने पोटात घेतले तर बरे, असे मला झाले. घरची वाट तर जाणारच होती, वर खोटेपणाचा शिक्का त्या बाईंवर बसणार होता. सर उठले. "बाई खरं सांगताहेत. वाक्य आम्ही गाळलं. ऐकायला बरं वाटेना म्हणून." कोर्टात हशा पिकला. चूक माझी होती. सर 'आम्ही' म्हणाले. हे मी विसरू शकत नाही.

बाई खोट्या ठरल्या नाहीत, आणि प्रकरण तडजोडीवर आले. मजकूर हिराबाईंनीच सांगितला: 'माणूस, गुरं, सायकल, लाकूडफाटा आणि आजारी माणूस खाटेसकट न्यायला वाट मोकळी राहील.' मी म्हणालो, "सर, फार ओबडधोबड आहे." सर म्हणाले, "राहू द्या. त्यांना त्यावरून घरी जायचंय."

सुंदर असते ते खोटे, असा धडा मी घेतला. पुढच्याच आठवड्यात कानाला खटकतो म्हणून सरांनी माझा नवा दावा पाचदा परत केला! "मग हिराबाईंचं काय, सर?" मी वैतागून विचारले. "तेच तर मला कळलेलं नाही हो. वाचा पुन्हा."

गेल्या महिन्यात हिराबाईंच्या आजारी मालकांना दवाखान्यातून खाटेवर घरी आणले. वाटेत इमारतीतल्या कुणाची तरी गाडी आडवी लावलेली होती आणि रखवालदार ती हलवायला तयार नव्हता. बाईंनी तडजोडीचा कागद पुढे केला. त्याने 'खाटेसकट' हा शब्द दोनदा वाचला आणि गाडीवाल्याला बोलावून गाडी काढायला लावली. मी सरांना हे सांगितले. "ते वाक्य वाचा," सर म्हणाले. मी मोठ्याने वाचले. ते अजूनही खटकत होते, आणि सरांच्या डोळ्यांत पाणी होते.

ते पाणी न्यायासाठी होते की वाक्यासाठी, मला विचारवले नाही. सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो. मला उमजायला वेळ लागतो, आणि ते समोर बसून ऐकत नसले तर मुळीच उमजत नाही.