मावशींनी विचारलेला माझा प्रश्न

माझ्या बायकोच्या थोरल्या मावशींना उत्तर न देता परत पाठवेल, असा माणूस पुण्यात अजून जन्माला यायचाय. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी तीस वर्षं लोकांना उत्तरं दिली, तीही तीन शब्दांच्या वर नाहीत, आणि निवृत्त झाल्या त्या दिवसापासून स्वतः प्रश्न विचारायला लागल्या. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्या शॉक बसल्यावर नेमकं कसं वाटतं ते विचारतात. आमच्या लग्नात गुरुजींना एका मंत्राचा अर्थ विचारून त्यांनी सगळा विधी अडवून धरला, आणि वर मलाच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला कळला का? मग मान कशाला डोलावत होतात?" खिडकीत बसून त्यांचं एक मत मात्र पक्कं झालेलं आहे. माणूस पहिले दोनतीन प्रश्न उगाच विचारतो. साताऱ्याची गाडी कधी, फलाट कुठला, जागा मिळेल का. "आई सिरियस आहे हो, पोचेन ना मी? हे तो निघता निघता विचारतो," त्या सांगतात.

मुक्ताला, म्हणजे माझ्या बायकोला, पाचवा महिना लागला तेव्हा माझ्याही पोटात असाच एक प्रश्न होता. दिवस गेल्याचं कळल्यापासून मी तिच्या जवळ जायलाच घाबरत होतो. आपल्यामुळे बाळाला काही झालं तर, या धास्तीने पलंगाच्या अगदी कडेला अंग चोरून झोपायचो. खराडीच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या शंका सोडवणारा मी, पण हे विचारणार कोणाला? एकदा केस विंचरताना मुक्ता म्हणाली, "आता मी आवडत नाही का रे तुला?" मी 'काहीतरीच काय' म्हणून विषय बदलला. त्यानंतर ती कामापुरतंच बोलायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्यात असं अंतर पडत होतं, आणि ते दिसत असून मला बोलता येत नव्हतं.

त्या महिन्याच्या तपासणीला मावशी आमच्याबरोबर आल्या, कारण कोणाच्याही तपासणीला त्या जातातच. सगळं उत्तम आहे असं सांगून डॉक्टरीणबाईंनी आणखी काही शंका आहे का, असं विचारलं. मुक्ताने स्कूटरवर बसावं का, मी म्हणालो. जिने चढावेत का? पपई? मग घसा खाकरला आणि फाइल उचलली.

"ठेवा ती खाली," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर, या दिवसांत नवराबायकोने जवळ यावं की नाही, हे यांना विचारायचंय. मलाही ऐकायचंय."

माझे कान तापले. डॉक्टरीणबाईंना मात्र त्यात काही नवल वाटलं नाही. सगळं व्यवस्थित असेल तर संबंध ठेवायला हरकत नाही, त्या म्हणाल्या. बाळ पाण्याच्या पिशवीत सुरक्षित असतं. रक्तस्राव झाला, पाणी गेलं, बाळाला पोसणारी वार खाली असली किंवा लवकर कळा येण्याची भीती असली तर मात्र थांबायचं आणि आम्हाला विचारायचं. पोटावर भार नको, आणि तिला नको असेल तेव्हा नको. मावशींनी वार नेमकी कुठे असते ते कागदावर काढून घेतलं.

मुक्ता माझ्याकडे बघत होती. "म्हणजे तू घाबरला होतास?"

मी मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही.

परतताना रिक्षात मावशी आमच्या मध्ये बसल्या. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "मला दिवस गेले तेव्हा तुझ्या काकांनी गॅलरीत अंथरूण घातलं. मला वाटलं, मी नकोशी झाले. मग मीही तोंड फिरवलं, आणि पुढे त्याचीच सवय झाली. भीती वाटायची, हे त्यांनी शेवटच्या आजारपणात सांगितलं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?" मुक्ताने विचारलं.

"नाही."

सिग्नलला रिक्षा थांबली. "सरका, मला कडेला बसू दे," मावशी म्हणाल्या. मी मध्ये सरकलो, तसा मुक्ताने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. मावशी रस्त्याकडे बघत होत्या.

"इतकं साधं होतं ते," त्या म्हणाल्या.