विठू तांडेलाचा कागद

माझ्या पत्नीला माझं सगळं माहीत आहे, असं तिला वाटतं. माझे आजार, माझे हट्ट, माझी चोरून ओढलेली विडी – सगळं. हे एक तिला माहीत नाही. कुणालाच नाही. चौदा-पंधरा वर्षं मी ते इतकं नीट सांभाळलं आहे की कधीकधी वाटतं, माझ्या हातून आयुष्यात दुसरं कुठलंच काम इतकं चोख झालेलं नाही.

तुम्हाला सांगतो. मित्राला सांगावं तसं. मला चाचरायला होईल, पण मी काय केलं याबद्दल माझ्या मनात तिळभरही शंका नाही. ते तर सुरुवातीपासून स्वच्छ दिसत होतं.

मी मालवणजवळच्या एका शाळेत मास्तर आहे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा मी तिशीचा होतो आणि माझा बोलबाला होता. का? तर मला मोडी वाचता येत होती. वडील कचेरीत होते, त्यांनी शिकवली. कुणाच्या घरात जुना कागद निघाला की तो माझ्या ओट्यावर यायचा. आणि मला एक छंद जडला होता – आमच्या किनाऱ्यावर बुडालेल्या गलबतांचा. पेशवाई मोडली, किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, त्या आगेमागेच्या वर्षांत किती गलबतं गेली असतील! मी म्हाताऱ्यांकडून ऐकायचो, वहीत उतरवायचो. त्या वहीवरून वाचनालयात मी व्याख्यान दिलं. माघ महिना होता. हॉल भरला होता.

त्या व्याख्यानातलं शेवटचं गलबत म्हणजे माझा हुकमी एक्का. मुंबईहून परतताना, पावसाळ्याच्या तोंडावर, वादळात सापडून आमच्या समोरच्या खडकांवर फुटलेलं. त्याबद्दल मला एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं एवढंच सांगितलं होतं – फळ्या लागल्या, डोलकाठी लागली, प्रेतं लागली, पण गलबताची लहान होडी काही सापडली नाही. बस्स. होडी सापडली नाही.

आता तुम्हीच सांगा, एवढ्यावर टाळ्या पडतात का?

मी होडीत माणूस बसवला. कोण बसवला? गलबताचा तांडेल – ज्याच्या शब्दावर गलबत चालतं तो. बायकामुलं आक्रोश करताहेत आणि तांडेल एकटा होडीत उतरून दोर कापतो आहे, असं मी उभं केलं. आवाज खाली आणला, मग चढवला. समोरच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. मला अजून आठवतं, त्या पदराकडे बघून मला किती बरं वाटलं होतं.

त्या तांडेलाचे वंशज आमच्या शेजारच्या वाडीत राहत होते. मला ठाऊक होतं का? – पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं की बोलण्याच्या भरात लक्षात आलं नाही. ते खरं नाही. ठाऊक होतं. त्या घराला सगळे तांडेलाचं घरच म्हणत. आणि घरचा कर्ता, विठू तांडेल, पन्नाशी उलटलेला, रापलेला, कमी बोलणारा माणूस – तो माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत बसला होता. आपल्या खापरपणजोबाच्या गलबताची गोष्ट मास्तर सांगणार म्हणून वाडीतल्या दहा-बाराजणांना धुतलेले सदरे घालायला लावून तो घेऊन आला होता.

व्याख्यान संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले. तो थांबून राहिला. गर्दी पांगल्यावर पुढे आला.

“मास्तरानू, ह्या तुमका कोणी सांगल्यान?”

एवढंच विचारलं. राग नव्हता आवाजात. मी म्हणू शकलो असतो – विठूकाका, ती माझी कल्पना. मी म्हणालो, “कागदोपत्री आहे.”

कागदोपत्री! त्या शब्दाचा आमच्याकडे केवढा दरारा. त्यानं मान हलवली आणि तो गेला.

पुढे काय झालं ते मी बाजारातच ऐकलं. विठू मासळीच्या लिलावाला आला की कुणीतरी ओरडायचं, “होडी बांधून ठेवा रे, तांडेल इलो!” आणि सगळे हसायचे. त्याच्या पोरीनं विहिरीवर पाण्यावरून भांडण काढलं तर बायका तिला म्हणायच्या, “पळ गो पळ, तुमका पळाक बरा जमता.” चेष्टाच ती. आमच्याकडे चेष्टेत कुणी कुणाला सोडत नाही. पण मग ती चेष्टा नारळापर्यंत पोचली.

नारळी पौर्णिमेला त्या वाडीचा नारळ दर्याला द्यायचा मान तांडेलाच्या घराचा. किती पिढ्यांचा, ते कुणाला सांगता येत नव्हतं. त्याच्या हातचा नारळ पाण्यात पडला की मग बाकीच्यांचे. वाडीच्या बैठकीत गावकर – म्हणजे वाडीचा मुख्य, बाबी गावकर – म्हणाला, “पळपुट्याच्या घरातलो नारळ दर्यान कित्याक घेवचो?” म्हणजे हा मान या घराकडून काढून घ्यावा.

विठूनं तेव्हा जे उत्तर दिलं ते मला नंतर दोघातिघांनी जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, “मास्तरांकडे कागद आसा, तसो माज्याकडे पण आसा. मास्तर वाचतले तां खरा. पळालो म्हणान लिवलेला आसला, तर नारळ माका नको.”

बघा. वाचायला त्यानं मला निवडलं. त्याच्या घरावर हा डाग मी लावला, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याला वाटलं, मास्तरांकडे चुकीचा कागद आला असेल, खरा दाखवला की ते खरं वाचतील. दुसरं काही त्याच्या मनातच येणं शक्य नव्हतं.

मे महिन्यात, सुट्टीत, सकाळी तो आला. बरोबर साक्षीला बाबी गावकर. विठूच्या हातात बांबूचं एक नळकांडं होतं, तोंडाला लाकडी बूच, वर हळदकुंकवाची जाड पुटं. दसऱ्याला ते देवासमोर ठेवत. आत काय लिहिलं आहे हे घरात कुणी वाचलं नव्हतं. त्याचा आजा सांगायचा तेवढंच – आपला माणूस सुकाणू सोडून हलला नाही.

मी बूच काढलं. कागद जाड होता, घडीवर थोडा विरलेला, बाकी अक्षर असं ठसठशीत की मला एकदाही अडखळावं लागलं नाही. गलबताच्या मालकानं तांडेलाच्या विधवेला लिहून दिलेलं पत्र होतं ते. सुरुवातीला नमस्कार, मग माडांची जमीन दिल्याचा मजकूर, चतुःसीमा. आणि मग, खाली, जमीन का दिली ते.

मालकानं लिहिलं होतं की गलबत पाण्यानं भरू लागलं तेव्हा तांडेलानं होडी सोडून तिच्यात तीन बायका, चार मुलं आणि एक म्हातारा खलाशी बसवला. तूही चल, असं खलाशी म्हणाला. तांडेलानं सांगितलं, माझ्या हातून सुकाणू सुटलं तर गलबत होडीवरच येईल. तो राहिला. गलबत त्यानं होडीपासून बाजूला काढलं आणि ते खडकांवर गेलं. होडी खाली निवतीच्या बाजूला लागली. वाचलेली माणसं गोव्याकडची, ती तिकडेच गेली. त्या खलाशानं मालकापुढे सांगितलं, आणि मालकानं ते लिहून ठेवलं, पुढे कुणी या घराला बोल लावू नये म्हणून.

पुढे कुणी या घराला बोल लावू नये म्हणून. असे शब्द होते.

मी ते मनातल्या मनात वाचलं. दोन वेळा. विठू माझ्या ओठांकडे बघत होता. बाबी गावकर पान चघळत होता.

काय चाललं होतं माझ्या डोक्यात? सांगतो, आणि ऐकून तुम्हाला ते फार क्षुल्लक वाटेल. पुढच्या रविवारी कुडाळला माझं तेच व्याख्यान होतं. पत्रकं छापून झाली होती. नोकरी जाण्याची भीती नव्हती, मार खाण्याची नव्हती, माझं कुणी काहीही वाकडं करणार नव्हतं. फार तर एकदा म्हणावं लागलं असतं – मी चुकलो, ते मी रचलं होतं. बाबी हसला असता. वाचनालयात चार दिवस कुजबुज झाली असती. एवढंच. एका माणसाच्या सात पिढ्यांची अब्रू एका पारड्यात आणि माझे चार दिवस दुसऱ्यात. आणि मला ठरवायला वेळसुद्धा लागला नाही.

मी म्हणालो, “माडांच्या जमिनीचा कागद आहे हा.”

विठू म्हणाला, “तां माका ठावक आसा. आणखी काय आसा त्यात?”

“आणखी काही नाही.”

हाच तो माझा गुन्हा. तीन शब्दांचा. आवाजसुद्धा हलला नाही माझा – मोठ्या खात्रीनं बोललो, वर्गात बोलतो तसा. पहिलं खोटं मी टाळ्यांसाठी बोललो होतो, त्याला उथळपणा म्हणता येईल. हे तसं नव्हतं. हे मी खरं वाचून, कळून, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत बोललो.

त्यानं हात पुढे करून कागद परत घेतला. मग कागदाची घडी घालू लागला. घडी त्याला जमेना, मी घालून दिली. नळकांड्याला बूच लावताना तो बाबीकडे नाही, माझ्याकडेही नाही, समोरच्या दगडी गडग्याकडे बघून म्हणाला, “म्हंजे आजो आमका गजालीच सांगी.”

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. त्याचा मान जाणार हे मी धरूनच चाललो होतो. पण त्याचा आजाही मी नेला, हे मला तेव्हा कळलं. ज्याच्या मांडीवर बसून त्यानं ती गोष्ट ऐकली, तो म्हातारा आता त्याच्या लेखी खोटारडा झाला. मी उघडलं का तोंड? मी म्हणालो, “जुनी माणसं सांगतात काहीबाही.”

श्रावणात, पौर्णिमेला, शाळेची मुलं घेऊन मी किनाऱ्यावर होतो. समुद्र अजून खवळलेला होता. वाडीची माणसं वाजतगाजत आली. कुणी विठूला अडवलं नव्हतं, आयत्या वेळी बाबीलाही जरा संकोच वाटला असावा, तो म्हणत होता, “जावंदे रे विठ्या, यंदा तूच दी.” विठूनं नारळ त्याच्या हातात ठेवला. “माज्या हातान नको,” म्हणाला. “तुमीच दर्याक देवा.” आणि मागे जाऊन बायकांच्या पलीकडे उभा राहिला. नारळ पाण्यात पडला. लाटेनं तो परत आणला, पुन्हा नेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. या नऊ वर्षांत मी त्याला किती वेळा भेटलो असेन! बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, जत्रेत. दर वेळी तो टोपीला हात लावायचा. “बरे मां, मास्तरानू?” मी म्हणायचो, बरं आहे. नऊ वर्षांतला कुठलाही दिवस चालला असता. त्याला काही लांबलचक सांगायचं नव्हतं. कागदात जे होतं तेवढंच वाचून दाखवायचं होतं. कुडाळला मी व्याख्यान दिलं. वेंगुर्ल्याला दिलं. होडीचा प्रसंग गाळला नाही. गाळला असता तर लोकांनी विचारलं असतं, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं तर तो गाळला की व्याख्यान पडत होतं.

तो गेला तेव्हा मी पोचवायला गेलो होतो. त्याचा मुलगा मुंबईच्या गोदीत, त्याला यायला उशीर झाला, म्हणून चितेला अग्नी द्यायचं थोडं लांबवलं. स्मशानात बाबी गावकर माझ्या कानाशी म्हणाला, “माणूस बरो होतो, घराणा तेवढा...” आणि त्यानं हात उडवला. मी त्याला दुरुस्त केलं नाही. चितेजवळ उभा राहूनही नाही.

कागद आता कुठे आहे, मला माहीत नाही. त्या सकाळनंतर विठूनं नळकांडं देवाजवळून काढलं, एवढं ऐकलं. जमिनीचाच कागद असेल तर तो देवापाशी कशाला?

आणि एक राहिलं. हे लिहिताना दोन वेळा मी ते टाळून पुढे गेलो.

ज्या दिवशी मी तो कागद वाचला, त्याच संध्याकाळी विठूनं आपल्या पोरीबरोबर एक सुरमई पाठवली. मोठी, ताजी, केळीच्या पानात गुंडाळलेली. मास्तरांना सुट्टीच्या दिवशी त्रास दिला म्हणून. पोरीनं निरोप सांगितला आणि पानावरचं पाणी निथळू देत दारात उभी राहिली. माझ्या पत्नीनं मासा घेतला, तिच्या हातावर गूळ ठेवला. रात्री तिनं तो तळला. पहिली तुकडी मी खाल्ली, आणि चांगली झाली होती म्हणून दुसरी मागून घेतली.