परतीचं वजन

सदानंद बापटांच्या हातात काहीही दिलं, की ते आधी ती वस्तू एकदा खाली-वर करत. तिळगुळाची पुडी, कुणाचं तरी नवं बाळ, मंडळाने सत्कारात दिलेला नारळ. हात दोनदा हले आणि मग तोंडातून किलो-ग्रॅम बाहेर पडत. बाळाच्या बाबतीत ते आईला विचारून खात्री करून घेत. नारळाच्या बाबतीत ते भर व्यासपीठावर अध्यक्षांना म्हणाले, "पाणी कमी आहे यात." सत्कार तिथेच आटोपला.

मी त्यांना काका म्हणे. सिंगापुरातल्या आंग मो किओ भागातल्या एका कारखान्यात वजनकाट्यांच्या आत बसणारे सेन्सर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते आणि शैलाकाकू हौगांगला अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत. मी खालच्या मजल्यावर. आमची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी पुण्याला निघालो होतो. त्यांनी माझ्या बॅगेकडे पाहिलं आणि ओळखपाळख नसताना विचारलं, "वजन केलंय की अंदाज केलाय?" अंदाज केला होता. त्यांनी मला परत वर नेलं, बॅग हातकाट्याला टांगली आणि आतून दोन पुस्तकं काढायला लावली. काढलेली पुस्तकं चाळत म्हणाले, "तशीही ही तू वाचणार नव्हतास." ते खरं होतं, म्हणून आमची मैत्री झाली.

या माणसाने आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या जेवणात जाहीर केलं, की आपण काकूंना घेऊन ऑस्ट्रेलियाचं वाळवंट ओलांडणार आहोत. पिकअप ट्रक, आणि त्याच्यामागे चाकांवरचं घर. मी श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला. बापटांकडे गाडी नव्हती. सिंगापुरात ती परवडायची म्हणजे आणखी एक फ्लॅट विकत घेण्यासारखंच, म्हणून ते आयुष्यभर बस आणि एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने हिंडले होते. लायसन्स होतं, ते दर वेळी नवं करून पाकिटात ठेवत आणि वर्षातून एकदा भाड्याच्या गाडीने मलेशियाला जाऊन हात साफ करत. अशा माणसाने घर ओढायच्या गोष्टी कराव्यात, हे मला निवृत्तीच्या इतर छंदांपैकीच वाटलं. कुणी बोन्साय करतं, कुणी आत्मचरित्र लिहितं.

पण त्यांना ते घर का हवं होतं, हे काकूंकडे पाहिलं की कळे. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या आणि त्या घरच्या घरी पोटाचं डायलिसिस करत. दिवसातून चार वेळा नळीने पोटात द्रव भरायचा, तो काही तास आत ठेवायचा, मग काढायचा. त्यासाठी स्वच्छ, बंद खोली हवी. कुठल्याही मोटेलची खोली चालेलच असं नाही. द्रवाच्या पिशव्यांची खोकी त्यांच्या दिवाणखान्यात छतापर्यंत रचलेली असत. काकू पाहुण्यांना म्हणत, "बसा हं, तिकडे माझी किडनी आहे, तिला टेकू नका." त्यांनी पुण्यात भूगोल शिकवला होता. क्षितिजापर्यंत काही म्हणजे काहीच नसलेली जमीन एकदा बघायची, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. डॉक्टरांनी परवानगी दिली. दिली तेव्हा हेही म्हणाले, की फार पुढे ढकलू नका.

आता बापटांच्या गणिताबद्दल. साधं चाकांवरचं घर गाडीच्या शेपटीला आकड्याने अडकवतात. ते वाऱ्याने डोलतं आणि पुढच्या गाडीलाही डोलवतं. काकूंचं पोट द्रवाने भरलेलं असताना त्यांना डोलणं सोसत नसे. टॅक्सीने वळण जोरात घेतलं तरी त्या सीटची कड पकडत. दुसरा एक प्रकार असतो, त्याला फिफ्थ व्हील म्हणतात. त्यात घराची मान पुढे येऊन थेट ट्रकच्या पाठीवर, मागच्या चाकांच्या वर टेकते. डोलणं फार कमी. शिवाय मुक्कामाला घर सोडून ट्रक घेऊन दवाखान्यात पळता येतं. काकांनी हा प्रकार निवडला आणि तिथेच अडकले.

पर्थच्या एका विक्रेत्याने फोटो पाठवला होता. भाड्याने देण्याचं घर, पलंगाच्या बाजूला भिंतभर खिडकी. काकूंनी तो फोटो फ्रिजवर लावला. ट्रकही त्याच्याकडेच होता. मंडळाचे अध्यक्ष कर्णिक यांनी न्यूझीलंडमध्ये एकदा दहा दिवस अशीच गाडी चालवली होती आणि त्यावर आम्हाला दीड तास स्लाइड दाखवल्या होत्या. ते या विषयातले अधिकारी समजले जात, मुख्यतः स्वतःकडूनच.

"बापट, ट्रक साडेचार टन ओढतो. घर भरून चार टनाचं. अर्धा टन हातात आहे. आता तिकीट काढा की," कर्णिक म्हणाले.

"ओढण्याची काळजी नाहीये हो मला."

"मग?"

"पाठीवर घेण्याची आहे."

कर्णिकांनी आमच्याकडे पाहून डोळे मिचकावले. आम्हीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी काकांना त्याबद्दल हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, कॉफी पिताना विचारलं. आमच्या टेबलाजवळच एक बाप मुलीला खांद्यावर घेऊन नूडल्सच्या रांगेत उभा होता. काका म्हणाले, "ती बघ. तिला हाताला धरून तो हौगांगभर फिरवेल. खांद्यावर किती वेळ? हात आणि खांदा, दोन वेगळे हिशेब. जाहिरातीत हाताचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. खांद्याचा आकडा ट्रकच्या दाराच्या आत, छोट्याशा स्टिकरवर."

त्या स्टिकरचा फोटो त्यांनी विक्रेत्याकडून तीन वेळा मागून मिळवला होता. ट्रकच्या अंगावर एकूण आठशे किलो चालत होते. आणि अशा घराचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येतो. चार टनांचा पाचवा हिस्सा म्हणजे आठशे. घर पाठीवर टेकलं, की स्टिकरवरचा आकडा तिथेच संपला. अजून बापट बसायचे होते, काकू बसायच्या होत्या, घर टेकवायचा लोखंडी सांगाडा बसायचा होता.

"पण ओढेल तर खरं?" मी म्हणालो.

"ओढेल. मजेत ओढेल. म्हणूनच माणूस फसतो. मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी जरा उशिराने ऐकते. सपाट रस्त्यावर तुला कळणारही नाही. कळेल कधी, तर समोर कांगारू आल्यावर."

विक्रेता व्हिडिओ कॉलवर भला माणूस होता. हाच ट्रक, हेच घर, कितीतरी लोक घेऊन गेले, सगळे हसत परत आले, असं त्याने सांगितलं. काकांनी नम्रपणे विचारलं, "त्यांच्यापैकी वजन किती जणांनी केलं होतं?" विक्रेत्याने विषय हवामानाकडे वळवला.

यात दोन महिने गेले. मोठा ट्रक घ्यावा तर त्याला वेगळं लायसन्स लागत होतं. काकूंच्या पिशव्या कमी कराव्यात तर त्यांवरच त्या जगत होत्या. पिशव्या पुरवणाऱ्या कंपनीने वाटेतल्या दोन गावांत खोकी पोचवायचं कबूल केलं. काकांनी ती खोकी वजा केली, पाण्याची टाकी मुक्कामावरच भरायची ठरवली, गव्हाचं पीठ नको, तांदूळ तिकडेच घ्यायचे. काकूंनी कुकर मात्र सोडला नाही. "डाळ काय इंजिनावर शिजवू?" तरी हिशेब बसेना.

त्यांची मुलगी मीरा इथेच वाढलेली, वाक्याला इथला 'लाह' जोडणारी, नर्स. डायलिसिसचं सगळं तीच बघे. एका रविवारी मी तिथे असताना तिचा संयम संपला.

"बाबा, जस्ट बुक इट लाह. आईकडे किती वेळ आहे ते मला माहितीये. तुमचं गणित पूर्ण होईपर्यंत जाणार कोण?"

मीरा त्यांच्या लॅपटॉपवर वाकली. "आणि हे काय? आई सिक्स्टी-टू? दर सकाळी मी तिचं वजन करते. बावन्न आहे ती. आजाराच्या आधी होती बासष्ट. दहा किलो तुम्ही उगाच धरलेत. वजनातले एक्स्पर्ट ना तुम्ही?"

"उगाच नाही."

"मग?"

"मी परतीचं वजन धरलंय," काका म्हणाले. "हवा बदलेल. भूक लागेल. येताना वाढलेली असेल ती. तेव्हा ट्रकला जड व्हायला नको."

मीरा खिडकीशी गेली आणि खालच्या पार्किंगकडे बघू लागली. मी आयुष्यात बऱ्याच भाषणांना बसलो आहे, श्रद्धेवरच्याही, पण असं काही ऐकलं नव्हतं. ज्या माणसाला ग्रॅममध्ये चूक सहन होत नव्हती, त्याने डोळे उघडे ठेवून, आपल्याच हिशेबाविरुद्ध, दहा किलो आशा धरली होती. आणि त्या आशेसाठीही जागा सोडायची म्हणून तो अडून बसला होता. त्या दिवसापासून मी त्यांना हसलो नाही.

कोंडी फोडली काकूंनी. त्या पिशवी लावून आतल्या खोलीत बसल्या होत्या, दार बंद होतं, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं. बाहेर आल्या आणि फ्रिजवरचा फोटो काढला.

"अहो, यापेक्षा लहान घर आहे का त्यांच्याकडे?"

"आहे. पण त्याला ही खिडकी नाही. हातभर भोक आहे नुसतं."

"घर चालू असताना मी तुमच्या शेजारी पुढे बसणार ना? तिथे काच आहेच. आणि घर उभं असेल तेव्हा मी आत कशाला बसू? खुर्ची टाकेन बाहेर. एवढी सपाट जमीन खिडकीतून बघायची असते का?"

काकांनी लहान घराचा हिशेब मांडला. भरून पावणेतीन टन. पाठीवर साडेपाचशे. बासष्ट किलोच्या काकू बसल्या, काका बसले, सांगाडा बसला आणि थोडी जागा उरली. त्यांनी तो पुन्हा मांडला. मग कुकरसकट मांडला. मीराने तिथेच तिकिटं काढली.

मी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत आहे. आमचं पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरात काम निघालं होतं. ते मी मागून घेतलं आणि निघायच्या दिवशी त्यांना गाठलं. काका आठवडाभर आधी जाऊन एका शिक्षकाकडे घर मागे घ्यायला, वळवायला, जोडायला शिकले होते. सकाळी ते मला थेट ट्रकच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. पुढची चाकं, मागची चाकं, घराची चाकं, सगळं वेगवेगळं मोजायचं होतं. काट्यावरचा माणूस दाढीवाला, आळसावलेला. तो म्हणाला, "सुट्टीवाले इथे सहसा येत नाहीत. आले तर काहीतरी मोडल्यावर येतात."

काकू कडेला सावलीत उतरल्या होत्या. काकांनी हाक मारली.

"शैला, चढ."

"माझंही करायचंय? कागदावर आहे की माझं."

"तुझ्याशिवायचं वजन घेऊन काय करू मी?"

त्या चढल्या. आकडा आला. दाढीवाल्याने तो पाहिला, स्टिकर पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला आणि बाहेर येऊन काकांशी हात मिळवला. पैसे घेतले नाहीत. मग ते दोघं निघाले. पिवळसर गवतातून जाणारा रस्ता, त्यावर एक ट्रक आणि त्याच्या पाठीवर मान टेकलेलं पांढरं घर. ते इतकं सरळ चाललं होतं, की जाताना दिसतच नव्हतं, नुसतं लहान होत होतं. दाढीवाला आणि मी, दोघंही आत जायचं सोडून तिथेच उभे होतो.

ते वाळवंट ओलांडून गेले आणि परत आले. काकू परत आल्या तेव्हा वजन वाढलं नव्हतं, पण चेहरा भाजून तांबूस झाला होता आणि त्या दर वाक्यात एकदा तरी "काहीच नव्हतं हो तिथे, काहीच नाही" असं म्हणत, जसं एखादा माणूस सोन्याबद्दल बोलेल तसं. पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, त्या गेल्या.

काही आठवड्यांनी काका आणि मी कॉफीला बसलो. मी प्रवासाबद्दल कधी नीट विचारलं नव्हतं. म्हटलं, सगळ्यात चांगला दिवस कुठला? मला वाटलं सूर्यास्त सांगतील, आकाश सांगतील.

"पाचवा," ते म्हणाले. "तिथे रोड ट्रेन असतात. एका ट्रकमागे तीन-तीन डबे. समोरून एक आली, वारा आडवा. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ती शेजारून गेली तेव्हा हवेचा असा धक्का बसतो, की लहान गाड्या रस्ता सोडतात." त्यांनी कप बशीत ठेवला. "आपली गाडी एक सूत हलली नाही. मी शेजारी पाहिलं. हिच्या पोटात दोन लिटर होते आणि ही झोपलेली होती. मान माझ्याकडे कललेली. एवढं मोठं धूड गेलं अंगावरून, हिला कळलंही नाही."

"मग?"

"मग काही नाही. पुढे तासभर झोपली. मी रेडिओ बंद केला आणि चालवत राहिलो."