हवालदारांचं इटलीचं फूल

आमचे साताऱ्याचे घरमालक हवालदार आपल्या परसातल्या फुलाचा वास माणशी एकदाच घेऊ देत. दुसऱ्यांदा वाकलं की म्हणत, "मास्तर, मागं सरा. आता ते देनार न्हाई." आणि ते खरोखरच देत नसे. त्या व्हायोलेटच्या फुलाची खोडच अशी, की एकदा हुंगलं की नाक थोडा वेळ बधिर होतं आणि फुलाला कधी वास नव्हताच असं वाटतं. हवालदारांच्या मते ही फुलाची शिस्त होती.

लढाई संपून इटलीहून परतताना इतरांनी घड्याळं आणली, ब्लँकेटं आणली. हवालदारांनी जेवणाच्या डब्यात ओल्या मातीत अकरा रोपं आणली आणि बोटीवर आपल्या वाटणीचं अर्धं पाणी त्यांना पाजलं. त्यांचा पलटणीतला जोडीदार सखाराम तिकडेच लढाईत गेला होता. ज्या टेकडीवर त्याला अग्नी दिला, तिच्या उतारावरची ही रोपं. सखारामची आई औंधजवळच्या एका खेड्यात एकटी राहायची. मुलगा गेल्याची तार तिला कधीच मिळाली होती, पण त्याच्याजवळ शेवटी कोण होतं, हे सांगायला कुणी गेलं नव्हतं. हवालदारांनी ठरवलं, फूल आलं की कुंडी घेऊन जायचं. "मोकळ्या हातानं म्हातारीम्होरं कसं उभारायचं?"

पण हवालदार पडले उसाचे शेतकरी. त्यांनी भर उन्हात सरी पाडली, पेंड घातली, पाटाचं पाणी सोडलं. चैत्रात दहा रोपं जळाली. अकरावंही गेलं असं समजून हवालदारांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, ते उपटलं आणि न्हाणीमागच्या सावलीत, ठिबकत्या रांजणाशेजारी टाकून दिलं. तिथे त्याला पान फुटलं. हवालदारांनी चूक कबूल केली नाही. "त्याची बदली झाली," एवढंच म्हणाले आणि तिथे कुणी भांडी घासायची नाहीत असा हुकूम काढला.

पहिल्या हिवाळ्यात नुसती पानंच आली. वहिनी भाकरी थापता थापता म्हणत, "आवं, ती माउली फुलाची वाट बघत न्हाई, तुमची बघतीया. उद्या तिनं डोळं मिटलं तर कुंडी कुनाला दावनार?" हवालदार उठून रोपाजवळ जाऊन बसत. मला त्यांचा राग यायचा. तोफांपुढे गेलेला माणूस एका म्हातारीला भितो आहे, हे माझ्या लक्षात यायला बरेच महिने लागले.

दुसऱ्या मार्गशीर्षात पानाखाली मान घातलेलं, करंगळीच्या नखाएवढं जांभळं फूल आलं. चार दिवस आम्ही सगळ्यांनी माणशी एकदा त्याचा वास घेतला. पाचव्या दिवशी हवालदारांनी ते कुंडीत लावलं, गणवेश चढवला आणि मला बरोबर घेतलं. "तुमीच बोला, मास्तर. माझ्यानं व्हनार न्हाई." मोटारीत त्यांनी कुंडी गावापर्यंत मांडीवर धरली. मी मनात चांगलं भाषण जुळवलं होतं.

म्हातारी अंगणात शेंगा फोडत बसली होती. माझं भाषण तोंडातच राहिलं. हवालदारांनी कुंडी तिच्यापुढे ठेवली. "आई, सख्याला अग्नी दिला त्या टेकडीवर हेच उगवतंय. त्यातलंच हाय. मी हुतो त्याच्याजवळ."

तिनं कुंडी ओढून घेतली आणि वाकून वास घेतला. परत वाकली आणि एकदम घाबरली. "गेला रं वास!"

आता "मागं सरा" ऐकू येणार, असं मला वाटलं. हवालदार तिच्यासमोर मातीत बसले. "थांब, आई. येतोय परत. जरा दम धर."

आम्ही तिघं कुंडीभोवती बसून राहिलो. मग ती पुन्हा वाकली.

"आला," ती म्हणाली. तिनं हवालदारांच्या गालावरून हात फिरवला. "तू बी आलास. लय उशीर केलास रं."

हवालदार रडले. मी कुंडीकडे बघत राहिलो.

पुढे माझी सांगलीला बदली होईपर्यंत हवालदार दर महिन्याला त्या गावी जात. मोकळ्या हातानं.