मखमलाबादचं नेट आणि माझ्या तक्रारी

मी घर सोडलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. ज्यांच्या मळ्यात झेंडू असतो त्यांना सांगायला नको, त्या दिवशी घरात रुसायला, रडायला कुणालाच सवड नसते. आप्पा, म्हणजे माझे वडील, धाकट्या समाधानला घेऊन भल्या पहाटे टेम्पो भरून नाशिकला पंचवटीच्या बाजारात गेले होते. मला मुंबईच्या विमानतळावर पोचवायला सासरची मंडळी होती. आई मळ्यात होती. मी नवी साडी सावरत बांधावर गेले, तर तिचे दोन्ही हात झेंडूच्या चिकाने काळेहिरवे झालेले. साडीला डाग पडेल म्हणून तिने मला जवळसुद्धा घेतलं नाही. कोपर माझ्या खांद्याला लावलं आणि म्हणाली, "फुलं काय थांबत नाय, बाई. पोचली की फोन कर." मी इगतपुरी येईपर्यंत फुगून बसले होते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. नवरा, नितीन, सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मेलबर्नला निघालेला आणि मी त्याच्या मागे. पहिली काही वर्षं घराशी बोलणं म्हणजे फोनचं कार्ड खरवडायचं, लांबलचक नंबर दाबायचा आणि पलीकडून "हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?" ऐकायचं. ईमेल करायचा तर समाधान सायकल मारत पंचवटीतल्या सायबर कॅफेत जायचा. आई सांगणार, तो लिहिणार. आईचं म्हणणं पाच मिनिटांचं असलं तरी माझ्यापर्यंत यायचं दोन ओळींचं. "आई बरी आहे. थंडीत पायात मोजे घाल म्हणते." बाकीचं हा गाळायचा. मी चिडून विचारलं, तर म्हणाला, "ताई, ते मशीन मधेच बंद पडतं गं, मी काय करू?"

मग त्याने घरात कॉम्प्युटर आणला. फोनच्या वायरीतूनच नेट. ते लागताना किंचाळल्यासारखा आवाज व्हायचा आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज. आत्याला वाटे, आम्ही मुद्दाम रिसीव्हर काढून ठेवतो. तिने दोन वर्षं त्यावरून अबोला धरला होता. पुढे ब्रॉडबँड आलं आणि आम्हाला वाटलं, सुटलो एकदाचे. दोनशे छप्पन्नचा स्पीड! समाधान तो आकडा असा सांगायचा जसा काही त्याचा बोर्डातला नंबर आलाय. पण आमचं घर मखमलाबादच्या मळ्यात, टेलिफोन ऑफिसपासून लांब. तार बाभळीवरून आलेली. ट्रॅक्टरची ट्रॉली उंच भरली की तार तुटणार, रस्ता खणला की तुटणार, आणि धड असली तर वीज नाही. रविवारचा आमचा व्हिडिओ कॉल भारनियमनाचं वेळापत्रक बघून ठरायचा.

माझ्याकडे तरी काय सोनं लागलं होतं? तिकडे गावात सगळ्यांना वाटायचं, परदेशातलं नेट म्हणजे पाण्यासारखं. अहो, कसलं काय! महिन्याला एक मर्यादा, ती वीस तारखेला संपायची आणि मग पडद्यावर एक फोटो उघडेपर्यंत भात शिजायचा. कस्टमर केअरला फोन केला की अर्धा तास संगीत. माणूस येणार म्हणून दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या कामावरून मी रजा काढायची आणि तो यायचाच नाही. दुसऱ्या दिवशी मेसेज, "आम्ही येऊन गेलो, घरी कुणी नव्हतं." आमच्या मळ्याकडचा लाइनमन, गांगुर्डे, निदान खांबावर चढताना दिसायचा. त्याला आप्पा शेवंतीची जुडी देत, आई चहा देई, आणि तो जाताना "चार दिवस टिकंल बघा" असं खरं बोलून जायचा.

तरी ते रविवार माझे होते. नाशकात सकाळचे दहा, माझ्याकडे दुपार. आप्पा बाजारातून आलेले असत. आई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ बसे की मला तिचं निम्मं कपाळ आणि कुंकू दिसायचं. ऑस्ट्रेलिया लांब आहे म्हणून ती ओरडून बोले. चित्र थांबत थांबत यायचं, ती हसली की ते हसू माझ्याकडे दोन सेकंदांनी पोचायचं. मी नेटला, कंपनीला, सरकारला यथेच्छ शिव्या घालायचे, पण त्या निम्म्या कपाळासाठी आठवडा ढकलायचे. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको.

घर सोडल्याला सात-आठ वर्षं झाली. मग एका पावसाळ्यात चित्र यायचं बंद झालं. आवाज येई, चित्र नाही. आप्पा म्हणाले, "नेट लय स्लो झालंय, वैशा. कॅमेरा चालू केला की सगळंच बंद पडतं." मला पटलं. न पटायला काय झालं? इतकी वर्षं तेच तर चाललं होतं. आईचा आवाजही जड, ओढल्यासारखा यायचा, अक्षरं एकमेकांत मिसळलेली. ती दोन शब्द बोलायची आणि आप्पा माइक घ्यायचे. मी इकडून ओरडायचे, "आई, तुटतंय, परत बोल! माइक तोंडाजवळ धर! अगं, नीट बोल ना!" आणि ती बिचारी परत बोलायची. एकेक वाक्य मी तिला तीन-तीनदा बोलायला लावलंय.

मला तिचा चेहरा बघायचा होता, बाकी काही नको होतं. दोन महिने झाले, तीन झाले. नवरात्र आलं तशी माझी सटकली. मी तक्रारींचा सपाटाच लावला. नाशिकच्या कंपनीला ईमेल, मग त्यांच्या वरच्यांना ईमेल, मग फोन. लाइनमन हलगर्जी करतो, ग्राहकाला फसवतो, असंही मी लिहिलं. दवाखान्यात दिवसभर गोड बोलून जो राग साठायचा तो सगळा मी त्या कंपनीवर काढत होते. समाधानला विचारलं की तो म्हणे, "जाऊ दे ना ताई, होईल." मी त्यालाही झापलं. तुझ्या अंगात रक्त आहे की पाणी, म्हटलं.

शेवटी कंपनीतल्या एक बाई वैतागल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या घरी आम्ही तीनदा माणूस पाठवला. लाइन ओके आहे. तुम्ही त्याच्याशीच बोला." आणि त्यांनी गांगुर्डेचा मोबाइल नंबर दिला. मी तोंडसुख घ्यायच्या तयारीनेच फोन लावला.

"ताई, लाइन चकाचक हाय," तो म्हणाला. "स्पीड फुल हाय. कॅमेराबी मी सोता लावून बघितला."

"मग मला दिसत का नाही?"

मागे रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते.

"ताई, तुमच्या तक्रारीपायी मला दोनदा सायबापुढं उभं केलं. मी तोंड उघडलं नाय. आप्पांनी हात जोडले व्हते. पण आता तुम्हीच विचारलं म्हणून सांगतो, एकदा घरी येऊन जा."

मी लगेच समाधानला फोन लावला आणि त्याला पहिल्यांदाच ओरडले नाही. तोच रडायला लागला. आषाढात आईला झटका आला होता. डावा हात गेला होता, तोंड वाकडं झालं होतं, जीभ जड झाली होती. जीवावरचं टळलं होतं. शुद्धीवर आल्यावर तिने आधी काय सांगितलं असेल तर हे, की वैशालीला कळता कामा नये. तोंड दिसलं की कळणार, म्हणून कॅमेरा बंद. आणि नेटवर ढकललं की मला शंका येणार नाही, हे त्या तिघांनाही पक्कं माहीत होतं.

मी मिळेल त्या विमानाने गेले. घरात शिरले तेव्हा आई खाटेवर बसली होती. मला बघून तिने आधी पदर तोंडावर ओढला, उजव्या हाताने. लोक म्हणतात, अशा वेळी माणूस गळ्यात पडून रडतो. मी भांडले. चपला न काढता उभ्या उभ्या भांडले. मी परकी झाले का तुम्हाला, मी मेले होते का, त्या गरीब लाइनमनवर मी काय काय लिहिलं माहितीये का, असं जे तोंडाला येईल ते. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. सत्तरीचा माणूस, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा.

माझं संपल्यावर आईने पदर खाली घेतला. तिच्या तोंडाची डावी बाजू खाली लोंबत होती. तिला तेव्हा एक वाक्य बोलायला मिनिट लागायचं आणि या वेळी मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

"वैशे," ती म्हणाली, "मागच्या साली दीड महिना तुझंबी नेट खराब व्हतंच की गं."

मागच्या वर्षी मंदीत नितीनची नोकरी गेली होती. तो दिवसभर घरात बसून असायचा, पडद्यावर मागे दिसला असता. आणि माझे डोळे रोज सुजलेले. मी सांगितलं होतं, महिन्याची मर्यादा संपलीये, कॅमेरा लावता येत नाही. दीड महिना तेच सांगत होते आणि मला वाटायचं, मखमलाबादच्या आईला त्यातलं काय कळतंय!

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तू कंपनीला शिव्या दिल्या नाय ना तवा," आप्पा खालच्या मानेनेच म्हणाले. "एकदाबी नाय."

मग मात्र मी खाली बसले आणि आईच्या मांडीत डोकं घालून मनसोक्त रडले. ती उजव्या हाताने थोपटत राहिली. दुसऱ्या दिवशी मी गांगुर्डेला घरी बोलावून माफी मागितली आणि त्याच्या साहेबांना माझ्या हाताने पत्र लिहिलं. तो म्हणाला, असू द्या ताई, आमाला सवय हाय. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

तीन आठवडे राहून मी परत आले. यावं लागलं. त्यानंतर आमचा एक नियम झाला. चेहरा कसाही असो, सुजलेला, वाकडा, आजारी, रविवारी दाखवायचा. आई दाखवते. मीही दाखवते. तिच्या शब्दांची मला आता सवय झालीये, परत बोल म्हणत नाही.

पण नेट ते नेटच. अजूनही मधूनच चित्र गोठतं, आईचं तोंड अर्धवट उघडं राहतं आणि खिडकी काळी होते. पूर्वी अशा वेळी मला संताप यायचा. आता मी फोन हातात घेऊन बसते. पाच-दहा मिनिटांनी तो वाजतो आणि आप्पा म्हणतात, "अगं, नेटच गेलंय. खरंच नेट गेलंय. दुसरं काय नाय." त्यांच्या मागे आई काहीतरी बोलत असते, ते मला नीट ऐकू येत नाही. इतक्या लांबून खरंखोटं करणार तरी कसं? घर म्हणजे माझ्यासाठी आता ती जागा आहे, जिथलं सगळं मला कुणाच्या तरी तोंडून ऐकून खरं मानावं लागतं. मी म्हणते, "बरं, आप्पा," आणि फोन ठेवते.