तळेगावच्या भिंतीवरचा सिंहली सिनेमा

श्रीलंकेला जायला विमान लागतं असं मलाही वाटायचं. चाकणजवळच्या निघोज्याहून दोनशेच्या पेट्रोलमध्ये जाऊन आलो.

मागच्या रविवारी डांगे चौकात भांडताना मी मैत्रिणीचं, मयुरीचं, मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं आणि आठवडाभर फोन उचलला नाही. शेवटी मेसेज टाकला, तळेगावात कुमारकाका जुने सिंहली सिनेमे दाखवतात, येतेस? उत्तर आलं, "येते. पण हे शेवटचं." कॉलेज अर्धवट सोडलेला मी, तो मेसेज दहादा वाचला.

थेरगावात ती गाडीवर बसली ती मधे सॅक ठेवूनच. रावेत, देहूरोड, सोमाटणे फाटा. फाट्यावर वडापाव.

"बोल की गं."

"गाडी चालव, भावा."

भावा म्हणाली राव!

कुमारकाका पूर्वी कोलंबोच्या थेटरात सिनेमाचं मशीन चालवायचे. पुढे चाकणला कंपनीत आले आणि तळेगावचे जावई झाले. दुपारी पडदे ओढून हॉलच्या भिंतीवर सिनेमा लावतात, फुकट. काकू शेजारी बसून, ऐकून ऐकून पाठ झालेले डायलॉग मराठीत सांगतात.

पहिला मद्रासच्या स्टुडिओतला, तेव्हा सिंहली सिनेमेही तिकडेच काढायचे. दोघं झाडाभोवती गातात, जवळ आले की कॅमेरा फुलांवर. "सेम आपल्या पिक्चरसारखं," मी हसलो. दुसरा खऱ्या खेड्यात काढलेला. छातीशी कापड बांधून बाई विहिरीवर अंघोळ करते. इतकी सहज, की चोरून बघायची लाज माझी मलाच वाटली. तिसरा सत्तरच्या दशकातला. भाड्याची खोली. तो हात पुढे करतो, ती एकच शब्द बोलते. हात हवेतच. किती वेळ! मग ती उठते, स्वतः कडी लावते, स्वतः त्याच्याजवळ येऊन बसते. बास. पुढे काहीच दाखवलं नाही, आणि माझ्या अंगावर काटा.

"काय म्हणाली, काकू?"

"थांब म्हणाली."

"आणि तो थांबला?"

मयुरी भिंतीकडे बघतच म्हणाली, "थांबता येतं."

काका चहा ओतत हसले. "बाद की फिल्मों का तो सब पोस्टर पे ही आ गया. थेटर के अंदर जाने का काम ही नहीं!"

परतताना सॅक पुन्हा मधे. देहूरोडला म्हणालो, "चौकात चुकलं माझं." एरवी गाडी बाजूला घेऊन तिच्याकडून उत्तर काढून घेतलं असतं. या वेळी चालवत राहिलो.

थेरगावात उतरली तेव्हा सॅक तिच्या पाठीला होती. मधून कधी काढली, कळलंच नाही.

घरी आईने विचारलं, "काय बघितलं रं?"

"एका बाईनं कडी लावली."

"एवढंच?"

"व्हय."

मग गाडी पुसत बसलो. मयुरी बसली होती ती मागची सीट तेवढी सोडून.