काकांना काय आवडतं?

सर्वांनी ऐकावे, जमल्यास उभे राहून ऐकावे: मरणाऱ्या माणसालाही आवडनिवड असते!

आमच्या शेजारच्या काकांचे इस्पितळातले अखेरचे दिवस होते. ते बोलायचे थांबले होते आणि घरचे त्यांच्या एका शब्दासाठी ताटकळले होते.

“काकांना काय आवडतं?” नर्सने विचारलं.

“अभंग,” मुलगा म्हणाला आणि त्याने मोबाइलवर टाळमृदंग लावला. काका ढिम्म.

जाणाऱ्यासाठी आपण शांतता मागतो. त्याला ती कधी आवडली होती का, हे कोण विचारतं?

काकूंनी मोबाइल बंद केला. “ह्यांना भांडण आवडतं,” म्हणत त्या काकांच्या कानाशी वाकल्या. “अहो, बांगड्याच्या कालवणात आज कोकम नाही, चिंच घातलीय.”

काकांचे ओठ हलले.

“मग तूच खा!”